जुन्या बुलेटच्या प्रायमरीत नक्की कुठलं तेल? (३५०ची ५०० केलेली गाडी)

घाटमाथा९६

मंडळी, वडिलांची १९९६ची बुलेट आहे. साडेतीनशे, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. गेल्या दिवाळीत इंजिन उघडावं लागणारच होतं, म्हटलं हौस करून घेऊ. ३५०चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि ५००चा ८४, स्ट्रोक (पिस्टनची धाव) मात्र दोघांचाही ९०. क्रँककेसचं तोंड मोठं करून घेतलं, क्रँकचं बॅलन्सिंग परत केलं आणि ५००चा ब्लॉक, पिस्टन, हेड चढवलं. क्लचमध्ये फक्त तीन स्प्रिंगा कडक टाकल्या, बाकी सगळं जुनंच.

गाडी सुरेख ओढते. म्हणजे ओढत होती. गेल्या महिन्यात साखरप्याहून आंबा घाट चढताना तिसऱ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथंच. मागून आलेली एसटी हॉर्न देत पुढे गेली. कंडक्टरने खिडकीतून ज्या नजरेने बघितलं ते अजून विसरलो नाही.

प्रायमरीतल्या, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या बंद पेटीतल्या, तेलाचा इतिहास सांगतो, हसू नका. इंजिन बांधलं तेव्हा घरात कारचं ५डब्ल्यू३० फुल सिंथेटिक उरलं होतं. महागाचं आहे, मग चांगलंच असणार, म्हणून ओतलं. क्लच घसरायला लागल्यावर एका मिस्त्रींनी सांगितलं, "पातळ आहे, नव्वद नंबर टाका." टाकलं. घसरणं थोडं कमी झालं, पण आता सकाळी पहिला गिअर टाकला की गाडी खाडकन पुढे उडी मारते आणि सिग्नलला न्यूट्रल सापडतच नाही.

आता तीन सल्ले हातात आहेत. एक म्हणतो २०डब्ल्यू५०, दुसरा म्हणतो एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही असतं ते लाल तेल, आणि तिसरा म्हणतो चेन काढून बेल्ट लाव, तेलाची कटकटच नको. काय करू?

अर्धा_पान्हा

२०डब्ल्यू५० भर आणि गप गाडी चालव. आमच्या आजोबांनी तेच केलं, बाबांनी तेच केलं, मीही तेच करतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लाल_तेल_मंडळ

एटीएफ! दहा वर्षं झाली माझ्या ३५०मध्ये तेच आहे. क्लच लोण्यासारखा, थंडीत प्लेटा चिकटत नाहीत, न्यूट्रल बोटाने लागतं. वर आणखी फायदा असा की गाडीखाली थेंब पडला तर लाल असला की प्रायमरीचा, काळा असला की इंजिनाचा. बुलेटवाल्याला यापेक्षा मोठं सुख नाही.

तेलातली_बाई

मी नवी मुंबईत वंगण तेलाच्या प्रयोगशाळेत काम करते. कंपनीचं नाव विचारू नका, आणि मी कुठल्याही डब्याची जाहिरात करत नाही.

धागाकर्त्याचं सगळं घोळ नंबरांमुळे झालंय, म्हणून आधी ते. "नव्वद नंबर" ऐकलं की वाटतं पन्नासच्या जवळजवळ दुप्पट घट्ट. तसं अजिबात नाही. गिअर ऑइलची पट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी. १०० अंशांना मोजलं तर ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्समध्ये (हे घट्टपणा मोजायचं एकक) बसतं आणि ५० नंबरचं इंजिन ऑइल १६.३ ते २१.९मध्ये. म्हणजे तुमचं नव्वद हे गरम झाल्यावर चाळीस-पन्नासच्याच घरात आहे. फरक पडतो तो गार असताना. साध्या नव्वदच्या पुढे डब्ल्यूचा आकडा नसतो, म्हणजे थंडीत ते किती घट्ट व्हावं याची काही हमी नाही. सांगलीची डिसेंबरातली सकाळ आणि मधासारखं झालेलं तेल, की प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत. तुमची ती उडी त्यातूनच आलेली.

मग नव्वद टाकल्यावर घसरणं कमी का झालं? तेल घट्ट झालं म्हणून नव्हे. आधीचं कारचं तेल काढलंत म्हणून. कारच्या हलक्या तेलांमध्ये, विशेषतः ज्यांच्यावर इंधनबचतीचा शिक्का असतो त्यांत, घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. कारमध्ये क्लच तेलात नसतो, त्यामुळे तिथे ती गुणाची. तुमच्याकडे क्लच त्याच तेलात आंघोळ करतोय. ज्या प्लेटांनी एकमेकींना धरायचं, त्यांनाच आपण साबण लावला.

डब्याच्या मागे बारीक चौकोनात जासोचा (जपानी वाहन-मानकांचा) शिक्का शोधा. ओल्या क्लचच्या दुचाकींसाठी एमए. २००६पासून त्याचेच एमए१ आणि एमए२ असे भाग केलेत, त्यात एमए२ची पकड जास्त. एमबी लिहिलेलं असेल तर ते कमी घर्षणाचं, स्कूटरसाठी ठीक, तुमच्यासाठी नाही. हा शिक्का पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा महत्त्वाचा. सिंथेटिक की मिनरल हा वाद नंतर घाला.

आणि जीएल-५ लिहिलेलं गिअर ऑइल असेल तर तेही काढाच. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं दातांवर प्रचंड दाब येतो अशा गिअरांसाठी असतात. तुमच्या प्रायमरीत तसे गिअर नाहीत. तिथे एक दुपदरी चेन आहे, तिला फक्त ओलं राहायचंय.

मुळामुठा

वाखुसा (वाचनखूण साठवली). ताई, दंडवत. नव्वद आणि पन्नासची ही भानगड पंचवीस वर्षं गाडी चालवून आज कळली.

गॅरेज_कोल्हापूर

ताईंनी लिवलंय ते शंभर टक्के. पण भावा, मी तेलाचं नाव नंतर काढतो, आधी चार गोष्टी इचारतो.

एक. क्लच केबलला मोकळीक हाय का? लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिमी खेळ पाहिजे. कडक स्प्रिंगा टाकल्यावर पोरं केबल ताणून बसवत्यात, मग रॉड प्लेटांना कायम ढकलत राहतो. घसरणारच.

दोन. चेनचा खेळ. वरच्या झाकणातनं बोट घालून मधोमध चेन वर-खाली कर, सहा मिमीच्या आसपास हलली पाहिजे. चाक फिरवून चार ठिकाणी बघ, जुनी चेन एके ठिकाणी ढिली आणि एके ठिकाणी ताठ असते. ढिल्या जागेवर ताणलीस तर दुसऱ्या जागी बेअरिंग खाईल.

तीन. प्रेशर प्लेट सरळ उचलते का? लिव्हर दाबून किक मारायची आणि बघायची. एका बाजूला डुलत असंल तर तेल कुठलंबी टाक, न्यूट्रल गावायचं नाही.

चार, आणि ह्यो माझा खरा प्रश्न. तेल भरलंस किती? आणि नव्वद टाकताना जुनं निघालं किती?

घाटमाथा९६

केबल ठीक आहे. चेन सहा-सात मिमी, फार फरक नाही. प्रेशर प्लेट बघितलेली नाही. तेल अर्धा लिटरच्या अंदाजाने टाकलं. निघालं किती ते मोजलं नाही, पण ट्रे चांगलाच भरला होता खरा. का विचारताय?

गॅरेज_कोल्हापूर

कारण टाकल्यापेक्षा जास्त निघालं असंल तर तुझी गोष्टच येगळी हाय. आणि अंदाजानं कशाला टाकतोस? झाकणाला खाली लेव्हलचा स्क्रू हाय की. गाडी सरळ उभी करायची, स्क्रू काढायचा, वरनं तेल सोडायचं, खालनं थेंब आला की बंद. ४२०च्या आसपास बसतं.

लीड्सचा_लेले_नव्हे

इंग्लंडमधून लिहितोय. माझ्याकडे एक जुनी ट्रायम्फ आहे, ६५० ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची. इथल्या म्हाताऱ्या मंडळींमध्ये एटीएफचा वाद आपल्याकडच्या चहा-कॉफीच्या वादासारखा आहे. नॉर्टनवाले शपथेवर एटीएफ वापरतात. माझ्या गाडीत मात्र ते चालतच नाही आणि त्याचं कारण धागाकर्त्याच्या कामाचं आहे.

१९७०च्या मॉडेलपासून ट्रायम्फने या ट्विनमध्ये इंजिनाचा श्वास प्रायमरीतून सोडला. क्रँकची हवा डाव्या बेअरिंगमधून प्रायमरीत येते, तिच्याबरोबर इंजिन ऑइलही येतं आणि जास्तीचं तेल तीन बारीक भोकांतून परत क्रँककेसमध्ये जातं. म्हणजे प्रायमरीत तुम्ही काहीही ओता, थोड्या दिवसांनी तिथे इंजिन ऑइलच असतं. वर ते एटीएफ इंजिनात जातं हा बोनस.

बुलेटमध्ये तसं नाही, मधे ऑइल सील आहे. पण त्या सीलवर दाब कोणाचा? पिस्टन खाली येताना खालची हवा ढकलतो त्याचा. आधी प्रत्येक फेरीला ३४६ सीसी हवा ढकलली जायची, आता ४९९. ब्रीदर, म्हणजे ती हवा बाहेर सोडणारी नळी, मात्र ३५०चाच ना? ट्रायम्फने जे मुद्दाम केलं ते तुमच्या गाडीने आपणहून केलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

गॅरेज_कोल्हापूर

लीड्सवाल्या दादानी माझ्या तोंडातला घास काढला. मी तेच म्हणणार होतो. १९९६ची गाडी, सील बदललंयस का इंजिन बांधताना?

घाटमाथा९६

...नाही. डावी बाजू उघडलीच नव्हती. "चालतंय की" म्हणून सोडून दिली.

अर्धा_पान्हा

"चालतंय की" हे बुलेटवाल्यांचं राष्ट्रगीत आहे.

ठाण्याचा_लांडगा

अवांतर, पण व्हिडिओ बघून कोणी फसू नये म्हणून. माझ्याकडे हार्ली स्पोर्टस्टर ८८३ होती. तिच्यात प्रायमरी आणि गिअरबॉक्सचं तेल एकच, साधारण एक लिटर. मोठ्या हार्ल्यांमध्ये मात्र इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स अशी तीन वेगळी भोकं. अमेरिकेतला माणूस मोठ्या गाडीच्या प्रायमरीत एटीएफ ओतताना दिसतो आणि आपला पोरगा तेच स्पोर्टस्टरमध्ये ओततो. मग गिअरचे दात ते पातळ तेल घेऊन बसतात. आधी आपल्या गाडीत कुठलं भोक कुठे जातं ते बघा.

मुळामुठा

तसंच २००९नंतरच्या क्लासिकचं. त्या युनिट इंजिनमध्ये इंजिन, गिअर, प्रायमरी सगळं एकाच तेलात. तिथे हा प्रश्नच येत नाही. हा धागा फक्त जुन्या, वेगळ्या चेनकेसच्या गाड्यांसाठी आहे असं वर लिहा, नाहीतर कोणी तरी क्लासिकमध्ये लाल तेल ओतायचं.

गॅरेज_कोल्हापूर

आता भावा, काम सांगतो. लाल तेल घे. लाल_तेल_मंडळाने नाचायचं कारण नाही, ह्यो इलाज नाही, तपासणी हाय. झाकण काढून आतलं सगळं पुसून घे, प्लेटा काढून थिनरनं पुस, वाळव. मग मापून ४२० मिली एटीएफ टाक, अंदाजानं नको. तीनशे किलोमीटर चालव, घाटात नेऊ नकोस. मग काढ आणि परत माप. लाल आणि ४२० निघालं तर मी माझी टोपी खातो.

बेल्टवाला_नाशिक

बेल्टचा पर्याय कोणी गंभीरपणे घेतला नाही म्हणून सांगतो. मी लावलाय. आवाज कमी, गाडी हलकी, मजा येते. पण बेल्टला तेल चालत नाही. चेनकेस पूर्ण कोरडी लागते, हवा खेळायला भोकं पाडावी लागतात, क्लच प्लेटा कोरड्यात चालणाऱ्या लागतात. धागाकर्त्याचं सील गळत असेल तर बेल्ट लावणं म्हणजे गळक्या छपराखाली गादी टाकणं. आधी सील.

घाटमाथा९६

रविवारी उघडलं. सविस्तर लिहितो.

डावा फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पेडल काढला, मधला एकच मोठा नट सोडला आणि झाकण हलवून सैल केलं. खालून तेल यायला लागलं ते थांबेचना. भाचीची जुनी दुधाची बाटली मापाला घेतली होती (बहिणीला अजून सांगितलेलं नाही). तिच्यात ओतत-ओतत मोजलं तर साडेसहाशेच्या वर निघालं. मी अर्धा लिटर टाकलं होतं! आणि रंग नव्वदचा सोनेरी नाही, चहाच्या चोथ्याचा.

आत बघितलं तर अल्टरनेटरच्या रोटरवर काळं लोणी बसलेलं. रोटर म्हणजे लोहचुंबकच, त्यामुळे चेनचा आणि प्लेटांचा लोखंडी कीस सगळा तिथे गोळा होतो. फडक्याने पुसला तर बोटांना चमचम. प्लेटा बाहेर काढल्या, त्या आरशासारख्या गुळगुळीत झालेल्या. एका लोखंडी प्लेटेवर निळसर डाग. काचेवर ठेवून बघितली, बाकीच्या सपाट आहेत, ही एका बाजूला कागदभर उचललेली.

सगळं पुसलं, ४२० मिली लाल तेल टाकलं. आता तीनशे किलोमीटर.

लाल_तेल_मंडळ

आमच्या तेलाला गुप्तहेर केलंत. हरकत नाही.

घाटमाथा९६

झाले. सांगली-मिरज-जयसिंगपूर अशा फेऱ्या मारून तीनशे दहा किलोमीटर. क्लच खरंच हलका होता, न्यूट्रलही लागत होतं, ते मान्य करतो. पण चौथ्यात जोर दिला की घसरायचाच.

काढलं तर ४९० मिली. लाल कुठेच नाही. तपकिरी, पेट्रोलचा किंचित वास असलेलं. काकांची टोपी वाचली.

गॅरेज_कोल्हापूर

काका कोण रं? बत्तीस वर्षांचा हाय मी.

घाटमाथा९६

माफी असावी दादा!

तेलातली_बाई

तीनशे किलोमीटरला सत्तर मिली म्हणजे बरंच. आता तेलाचा निर्णय सोपा होतो बघा. सील नवं टाकलं तरी या इंजिनात दाब जास्त राहणारच, थोडं तेल कधी ना कधी झिरपणार. मग प्रायमरीत असं काहीतरी हवं की इंजिनाचं तेल त्यात मिसळलं तरी बिघडू नये. म्हणजे दोन्हीकडे एकच तेल: २०डब्ल्यू५०, एमए२. इंजिनात तुम्ही काय वापरता हे कोणी विचारलंच नाही. तिथे कारचं तेल असेल तर ते सीलमधून क्लचपर्यंत पोचतंय आणि तुम्ही प्रायमरीत कितीही चांगलं ओता, प्लेटा भिजणार.

घाटमाथा९६

ताई, इंजिनात तेच कारचं सिंथेटिक आहे. पाच लिटरचा डबा होता.

अर्धा_पान्हा

पॉपकॉर्न संपले.

मुळामुठा

ताई, डिझेल गाड्यांचं १५डब्ल्यू४० इंजिनात चालतं का? आमच्याकडे बरेच जण टाकतात.

तेलातली_बाई

त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं बहुधा नसतात, म्हणून लोकांचं निभावतं. पण जासोचा शिक्का असलेला डबा समोर असताना मी अंदाजावर जाणार नाही. काही डिझेल तेलांवर एमए लिहिलेलंही असतं, तसं असेल तर खुशाल वापरा.

गॅरेज_कोल्हापूर

आता सील. नुसतं सील बदलून भागायचं नाही. ते ज्या कॉलरवर घासतं तिच्यावर नख फिरव, रेघ लागली तर कॉलरबी नवी. चेन अखंड असते, तोडायची नाही, पुढचा स्प्रॉकेट आणि क्लच दोन्ही एकदम बाहेर येत्यात, त्यामुळं पुलर आधी हातात ठेव. हातोडीनं ठोकू नको, क्रँक वाकडी करशील. आणि ब्रीदर पाईपच्या टोकाला चोचीसारखं रबर असतंय, ते बघ. दगडासारखं झालं असंल तर हवा बाहेर जात नाही, मग ती सील शोधत जाती.

झाकण बसवताना रबर रिंग नवी टाक आणि मधला नट जोर लावून आवळू नको. जास्त आवळला की झाकण वाकतं आणि कडेनं गळतं, मग लोक आणखी आवळत्यात.

घाटमाथा९६

शेवटचा अहवाल, पंधरा दिवसांनी.

कॉलरवर रेघ होती, नखात अडकेल इतकी. सील काढलं तर रबर नव्हतं, बटाट्याचा वेफर होता, हातात तुटला. ब्रीदरची चोच बंद अवस्थेत वाळलेली, फुंकर मारून बघितली तर हवा जाईना. दोन्ही नवीन. फ्रिक्शन प्लेटा धुवून वापरायचा मोह झाला होता, पण त्या कारच्या तेलात मुरलेल्या, म्हणून नव्या घातल्या. वाकडी लोखंडी प्लेट बदलली. इंजिनात आणि प्रायमरीत दोन्हीकडे २०डब्ल्यू५० मिनरल, मागे एमए२ छापलेलं. प्रायमरीत लेव्हल स्क्रूने भरलं, बाटलीत मोजत होतो, ४१० मिलीला थेंब आला.

परवा साखरप्याहून आंबा घाट चढलो. तिसऱ्यात पूर्ण दिला, धरून राहिला. एसटी मागेच होती यावेळी. चारशे किलोमीटरनंतर लेव्हल स्क्रू काढला, थेंब आला आणि थांबला, जास्तीचं तेल वाहिलं नाही.

एक गोष्ट एटीएफइतकी चांगली नाही हे कबूल करतो. सकाळी गार असताना प्लेटा अजून किंचित चिकटतात. क्लच दाबून दोन किका मोकळ्या मारतो, मग इंजिन चालू करतो, मग पहिला गिअर. बाबा म्हणाले, ते १९९६पासून रोज असंच करत होते, तू कधी बघितलं नाहीस.

लाल_तेल_मंडळ

सील धड असलेल्या ३५०वाल्यांनी आमच्या मंडळात यावं, दार उघडं आहे. ५००वाल्यांना मी यापुढे आग्रह करणार नाही.

घाटमाथा९६

उरलेलं पाऊण लिटर लाल तेल आहे, कोणाला पाहिजे का? सांगलीत येऊन न्या.

अर्धा_पान्हा

मामांच्या जुन्या कारचं पॉवर स्टिअरिंग कण्हतंय. डब्यावर ग्रेड काय लिहिलाय ते टाक, जुळला तर शनिवारी येतो. दुधाची बाटली नको.